व्हीटीएसचा अर्ज कुठे अडतो: केस लॉगपासून परीक्षेपर्यंत, क्रमाने

अमेरिकेत किंवा कॅनडात व्हेटरनरी टेक्निशियन म्हणून, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली नर्ससारखं काम करणाऱ्यांना व्हीटीएस, म्हणजे एखाद्या शाखेतला व्हेटरनरी टेक्निशियन स्पेशलिस्ट व्हायचं असलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: परीक्षेसाठी कोणती पुस्तकं वाचू? सुरुवात इथूनच चुकते. परीक्षा हा शेवटचा टप्पा आहे. तिला बसायची परवानगी अर्ज मंजूर झाल्यावर मिळते, आणि अर्ज मंजूर होणं हे त्याआधीच्या वर्षभरात तुम्ही रोजच्या रोज काय नोंदवून ठेवलंत यावर अवलंबून असतं. कामात अत्यंत हुशार असलेल्या टेक्निशियनचा अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा ज्ञान कमी पडल्यामुळे नव्हे. केस लॉग, म्हणजे हाताळलेल्या केसची नोंदवही, उशिरा सुरू केलेला असतो, तास चुकीचे मोजलेले असतात, नाहीतर केस रिपोर्टमध्ये डॉक्टरांचं काम लिहिलेलं असतं आणि स्वतःचं राहून गेलेलं असतं.

म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने दिले आहेत. क्रम बदलू नका. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात आणि प्रत्येक शाखेचे वेगळे असतात, तेव्हा आकडे तुमच्या शाखेच्या चालू वर्षाच्या पॅकेटाशी, म्हणजे अर्जाच्या नियमांच्या संचाशी, ताडून घ्या.

## 1. आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहा

व्हीटीएससाठी क्रेडेन्शियल, म्हणजे राज्याचा परवाना किंवा नोंदणी असलेला टेक्निशियन असणं ही पहिली अट आहे. राज्यागणिक त्याची नावं वेगळी: कॅलिफोर्नियात आरव्हीटी, न्यूयॉर्कमध्ये एलव्हीटी, टेनेसीत एलव्हीएमटी, काही ठिकाणी सीव्हीटी. नाव काहीही असो, ते चालू हवं. नूतनीकरण राहून गेलेलं क्रेडेन्शियल घेऊन अर्ज करता येत नाही.

अजून क्रेडेन्शियल नसेल तर आधी व्हीटीएनई, म्हणजे व्हेटरनरी टेक्निशियन नॅशनल एक्झाम द्या. ही राष्ट्रीय परीक्षा एएव्हीएसबी ही राज्यांच्या व्हेटरनरी बोर्डांची संघटना घेते. 170 प्रश्न असतात, त्यातले 150 गुणांसाठी धरले जातात, वेळ तीन तास. गुण 200 ते 800 या पट्टीवर येतात आणि उत्तीर्ण व्हायला 425 लागतात. नेहमीचा मार्ग म्हणजे एव्हीएमए या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेची मान्यता असलेला व्हेटरनरी टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम पूर्ण करणं.

भारतातली बीव्हीएससी पदवी असलेल्यांसाठी दोन गोष्टी. या पदवीवर व्हीटीएनईला बसू द्यायचं की नाही हे राज्याचं बोर्ड ठरवतं, म्हणून मैत्रिणीला दुसऱ्या राज्यात परवानगी मिळाली यावर विसंबू नका, स्वतःच्या बोर्डाला लेखी विचारा. आणि भारतात डॉक्टर म्हणून केलेलं काम, ते कितीही वर्षांचं असलं तरी, व्हीटीएसच्या तासांत धरायचं नाही. तिथे मोजला जातो तो क्रेडेन्शियल असलेल्या टेक्निशियनचा अनुभव. हे मनाला लागतं, मला मान्य आहे, पण आधीच कळलेलं बरं.

सावधान: फिअर फ्रीचं (प्राण्यांना न घाबरवता हाताळण्याचं) प्रमाणपत्र, रिकव्हरचं (प्राण्यांच्या) सीपीआरचं प्रमाणपत्र, पुनर्वसनातला सीसीआरपी, प्रॅक्टिस मॅनेजरांसाठीचं सीव्हीपीएम, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी आलासची एएलएटी, एलएटी आणि एलएटीजी ही पातळ्यांची परीक्षा, या सगळ्या उपयोगाच्या गोष्टी आहेत. पण यांपैकी एकही व्हीटीएस नाही. व्हीटीएस हे पदनाम नॅव्टा या टेक्निशियनांच्या राष्ट्रीय संघटनेच्या व्हेटरनरी टेक्निशियन स्पेशालिटी समितीने मान्य केलेल्या, त्या-त्या शाखेच्या अकॅडमीकडूनच मिळतं. काही जणांना खरं तर व्हीटीएसपेक्षा यांपैकी एखादं प्रमाणपत्रच हवं असतं. दवाखाना चालवण्याकडे ओढा असेल तर सीव्हीपीएमकडे जा, भूलशास्त्राच्या लॉगमध्ये एक वर्ष घालवू नका.

## 2. शाखा निवडा, पण दवाखाना पाहून

शाखा पुष्कळ आहेत: आपत्कालीन व अतिदक्षता, भूल व वेदनाशमन, दंतोपचार, अंतर्गत औषधशास्त्र आणि त्यातच हृदय, मज्जासंस्था व कर्करोग, शल्यक्रिया, वर्तन, आहार, त्वचा, डोळे, इमेजिंग, क्लिनिकल पॅथॉलॉजी, शारीरिक पुनर्वसन, घोडे, प्राणिसंग्रहालय, प्रयोगशाळेतले प्राणी. जनरल प्रॅक्टिसमध्ये काम करणाऱ्यांसाठी क्लिनिकल प्रॅक्टिसची वेगळी अकॅडमी आहे आणि तिच्यात कुत्रा-मांजर, फक्त मांजर, एक्झॉटिक पाळीव प्राणी, दुधाची-मांसाची जनावरं असे विभाग आहेत. ही शेवटची अकॅडमी अनेकांच्या ध्यानातच येत नाही. "आमच्याकडे स्पेशालिस्ट डॉक्टर नाही, म्हणजे आपलं काही खरं नाही" असं म्हणून ते विषय सोडून देतात.

आवड असणं आवश्यक आहेच, पण तेवढ्यावर शाखा निवडली की वर्षाच्या मध्यात फसगत होते. निवडीआधी तुमच्या दवाखान्याच्या मागच्या तीन महिन्यांच्या केस काढा आणि पाहा:

- त्या शाखेच्या केस आठवड्याला किती येतात, आणि त्या नेमक्या तुमच्या शिफ्टमध्ये येतात का?
- त्यात विविधता आहे का? भूल शाखेसाठी रोज स्पे-न्यूटरच (नसबंदीच्या शस्त्रक्रियाच) होत असतील तर लॉग भरेल, पण उभा राहणार नाही. हृदयरोगी, सिझेरियन, म्हातारं मांजर, ब्रॅकिसेफॅलिक (चपट्या नाकाचा) कुत्रा, दुखापत झालेला प्राणी, हे दिसावे लागतात.
- यादीतली साधनं आहेत का? कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नसलेल्या ठिकाणी भूल शाखेचा लॉग, किंवा डेंटल एक्स-रे नसलेल्या ठिकाणी दंतशाखेचा लॉग उभा करणं जवळजवळ अशक्य आहे.
- प्रत्यक्ष कौशल्य तुमच्या हातून होतं की डॉक्टर स्वतः करतात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "डॉक्टरच करतात" असं असेल तर लॉग सुरू करण्याच्या सहा महिने आधी डॉक्टरांशी बोला. आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी), एपिड्युरल (मणक्यात दिलेली भूल), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) अशा गोष्टी राज्याच्या कायद्यात बसत असतील तिथे शिकून घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

## 3. पॅकेट छापून घ्या आणि दोनदा वाचा

प्रत्येक अकॅडमी दरवर्षी अर्जाचं पॅकेट काढते. त्यात पात्रता, तास, सीई (निरंतर शिक्षण), लॉगचा नमुना, कौशल्यांची यादी, रिपोर्टचे नियम, तारखा, शुल्क आणि परीक्षेसाठीचं वाचन, सगळं असतं. मागच्या वर्षीचं पॅकेट मैत्रिणीकडून घेऊन त्यावर लॉग सुरू करणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. कौशल्यांचे क्रमांक बदललेले असतात, आणि मग पन्नास नोंदींतले क्रमांक पुन्हा लिहावे लागतात.

पहिल्या वाचनात फक्त समजून घ्या. दुसऱ्या वाचनात हातात पेन घ्या आणि जिथे जिथे "करावंच लागेल" अशा अर्थाचा शब्द आहे तिथे खूण करा. त्या खुणांची एक यादी करून समोर लावा. अक्षराचा आकार, पानांची मर्यादा, फाइलचं नाव कसं द्यायचं, हे सुद्धा त्या यादीत घ्या. परीक्षक अनेक अर्ज वाचतात, आणि सूचना न पाळलेला अर्ज आतला मजकूर न वाचताच बाजूला पडू शकतो.

तपासा: लॉगचा कालावधी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे? बहुतेक ठिकाणी तो एका वर्षाचा असतो. कालावधी 1 जानेवारीला सुरू होत असेल तर पॅकेट वाचणं, शाखा ठरवणं, डॉक्टरांशी बोलणं हे त्याआधीच्या शरद ऋतूतच उरकायला हवं.

## 4. तास मोजा, अंदाज करू नका

साधारण मागणी क्रेडेन्शियल मिळाल्यानंतरच्या तीन ते पाच वर्षांच्या अनुभवाची असते, आणि त्यातला मोठा भाग, अनेक ठिकाणी 75 टक्के, त्या शाखेच्या कामातला हवा असतो. भूल शाखेचा आकडा 6,000 तासांचा आहे आणि त्यातले 4,500 भुलीच्या कामाचे. आपत्कालीन शाखेचा 5,760.

6,000 तास म्हणजे किती? आठवड्याला 40 तास, वर्षाला 50 आठवडे धरले तर 2,000, म्हणजे तीन वर्षं. आठवड्याला 30 तास करत असाल तर वर्षाला 1,500, म्हणजे चार वर्षं. शिवाय हे तास ठरावीक मागच्या वर्षांतलेच धरतात, सहसा पाच. मधे बाळंतपणाची रजा किंवा नोकरीतला खंड असेल तर मागच्या टोकाचे तास गळून पडतात. पार्टटाइम काम करणाऱ्यांनी हे गणित सगळ्यात आधी करावं.

मोजताना होणाऱ्या दोन चुका. क्रेडेन्शियल मिळण्याआधी असिस्टंट म्हणून केलेले तास धरले जातात. आणि "मी इमर्जन्सी हॉस्पिटलात आहे" म्हणून सगळे तास इमर्जन्सीचे लिहिले जातात, तर प्रत्यक्षात अर्धी शिफ्ट औषधं भरणं, फोन आणि डिस्चार्ज यांत गेलेली असते. टक्केवारी प्रामाणिक लिहा. ती तुमच्या वरिष्ठांच्या सहीने जाते.

## 5. सीईचे तास वर्षभरात पसरवा

निरंतर शिक्षणाचे तास शाखेनुसार 25, 40 किंवा त्याहून अधिक लागतात. लायसन्स टिकवण्यासाठी केलेला प्रत्येक तास इथे चालत नाही. विषय तुमच्या शाखेचाच हवा, आणि अनेक अकॅडम्यांना वक्ता त्या शाखेचा व्हीटीएस किंवा डिप्लोमेट, म्हणजे त्या शाखेतला मान्यताप्राप्त विशेषज्ञ डॉक्टर असावा लागतो. एएव्हीएसबीच्या रेस यादीतला (त्यांनी मान्य केलेल्या सीईच्या यादीतला) कार्यक्रम असेल तर मान्यता मिळणं सोपं जातं, पण रेस आहे म्हणून विषय आपोआप बसत नाही. "दंतशस्त्रक्रियेतील भूल" हे व्याख्यान भूल शाखेत सहज चालेल, "टीममधला संवाद" चालणार नाही.

प्रमाणपत्र हातात आल्याबरोबर पाहा: तुमचं नाव, तारीख, तास, विषय, वक्त्याचं नाव आणि पदव्या. यातलं काही नसेल तर त्याच आठवड्यात आयोजकांना कळवा. दोन वर्षांनी त्या परिषदेचं ऑफिस तुम्हाला उत्तर देईलच असं नाही.

## 6. माणसं आधी गाठा

तुम्हाला तीन प्रकारची माणसं लागतात. कौशल्यांच्या यादीवर सही करणारी, शिफारसपत्र देणारी आणि रिपोर्ट वाचून खरं सांगणारी. पहिल्या दोघांसाठी अट असते, सहसा त्या शाखेचा व्हीटीएस किंवा डिप्लोमेट. उदाहरणार्थ अंतर्गत औषधशास्त्रात एसीव्हीआयएमचा, आपत्कालीनमध्ये एसीव्हीईसीसीचा, दंतशाखेत एव्हीडीसीचा (ही त्या-त्या शाखेच्या विशेषज्ञ डॉक्टरांची अमेरिकन कॉलेजं). काही अकॅडम्यांना त्या विषयात काम करणारा साधा डॉक्टरही चालतो. पॅकेट पाहा.

पत्र मागताना वर्षाच्या सुरुवातीला मागा आणि सोबत तुमच्या लॉगचे पहिले काही नमुने द्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मागितलेलं पत्र "ती मेहनती आहे, प्राण्यांवर प्रेम करते" या वळणाचं येतं, आणि त्याचा उपयोग शून्य. उपयोगी पत्रात असं असतं: या टेक्निशियनने सेप्टिक (संसर्गामुळे शरीरभर बिघाड झालेल्या) रुग्णात रक्तदाब घसरण्याआधीच्या खुणा ओळखून मला बोलावलं.

दवाखान्याच्या मालकांशी किंवा मॅनेजरशीही याच टप्प्यावर बोलायचं. तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: रेकॉर्ड पाहण्याची परवानगी, केस नेमून देण्यात सहकार्य, आणि व्हीटीएस झाल्यावर पगार व कामाची जबाबदारी यांत काय बदल होईल. पगार आपोआप वाढत नाही. आधी बोलून ईमेलमध्ये घेतलेलं असेल तरच नंतर बोलायला जागा राहते. मराठी घरांतून आलेल्या पुष्कळ जणींना हे बोलणं जड जातं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे: बोला.

सावधान: वर्षाच्या मधे नोकरी बदलण्याची शक्यता असेल तर प्रत्येक केसच्या नोंदी त्याच दिवशी पूर्ण करा. जुन्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर नोकरी सोडताच बंद होतं आणि अर्धवट लॉग कायमचा अर्धवट राहतो. भुलीच्या शीटची प्रत ठेवायची तर दवाखान्याच्या परवानगीने, मालकाचं नाव-पत्ता झाकून.

## 7. केस लॉग

अर्जाचा खरा भार इथे आहे. साधारण पन्नासच्या आसपास केस मागतात, काही शाखांत 75. किमान संख्येला जेवढं महत्त्व, तेवढंच कमाल संख्येला. साठच्या वर नको म्हटलं असेल तर साठच द्या.

नोंद कशी नसावी ते पाहू. अर्ज इंग्रजीत जातो, पण मुद्दा कळावा म्हणून मराठीत लिहिते:

"जर्मन शेफर्ड, जीडीव्ही. आयव्ही कॅथेटर लावला, फ्लुइड दिलं, भुलीत मॉनिटर केलं, औषधं दिली."

जीडीव्ही म्हणजे जठर फुगून त्याला पीळ पडणं. ही नोंद कोणत्याही टेक्निशियनची असू शकते. परीक्षकाला यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. आता हीच केस:

"जर्मन शेफर्ड, नर, 8 वर्षं, 34 किलो. जीडीव्ही. दोन्ही पुढच्या पायांत 18 गेजचे सेफॅलिक कॅथेटर लावले. फुगलेलं जठर पोटातली मोठी शीर दाबत असल्याने मागच्या पायातून दिलेलं फ्लुइड नीट परत येत नाही. ईसीजीवर व्हीपीसींच्या (हृदयाच्या अवेळी ठोक्यांच्या) रांगा आणि नाडीत तूट (ठोका पडतो पण नाडी लागत नाही) आढळली, डॉक्टरांना कळवलं. त्यांच्या आदेशाने लिडोकेन 2 मिग्रॅ/किलो, 68 मिग्रॅ, म्हणजे 2 टक्के द्रावणाचे 3.4 मिली शिरेतून सावकाश. डॉर्सल पेडल (मागच्या पंजाच्या वरच्या धमनीत) आर्टेरियल लाइन लावली, थेट रक्तदाब मोजला. एंड-टायडल (श्वास सोडण्याच्या शेवटी मोजलेला) कार्बन डायऑक्साइड 38 ते 46 दरम्यान राखला. निष्पत्ती: पाचव्या दिवशी घरी."

पुढच्या पायातच कॅथेटर का, हे एक वाक्य सगळ्या नोंदीचा दर्जा बदलून टाकतं. टेक्निशियन विचार करतेय हे तिथे दिसतं. 2 टक्के द्रावण म्हणजे मिलीमध्ये 20 मिग्रॅ, म्हणून 68 भागिले 20, उत्तर 3.4. हा हिशेब परीक्षक करून पाहतो. एका नोंदीत चुकलात तर बाकीच्या नोंदींकडे तो संशयानेच पाहणार.

लॉग ठेवण्याची पद्धत:

1. रोजची कच्ची वही किंवा स्प्रेडशीट ठेवा. शिफ्ट संपली की गाडी सुरू करण्याआधी पाच ओळी लिहा. दोन आठवड्यांनी रेकॉर्ड वाचून लिहिलेल्या नोंदीत "का" उरलेला नसतो.
2. लागतात त्याच्या दुप्पट केस कच्च्या वहीत नोंदवा. निवड नंतर करता येते, केस नंतर तयार करता येत नाही.
3. शेजारी एक तक्ता करा: उभ्या रकान्यात कौशल्यांचे क्रमांक, आडव्यात केस. दर महिन्याच्या शेवटी रिकाम्या जागा पाहा. सप्टेंबरमध्ये फीडिंग ट्यूबच्या ओळीत एकही खूण नसेल तर अजून वेळ आहे. डिसेंबरमध्ये नसतो.
4. प्रत्येक केसमध्ये तेच ते कौशल्य पुन्हा पुन्हा दाखवू नका. दहाव्या नोंदीत "आयव्ही कॅथेटर" वाचून कुणाला काही नवं मिळत नाही. त्या केसमधलं सर्वांत अवघड काम पुढे आणा.
5. औषधांची जेनेरिक नावं, मात्रा मिग्रॅ/किलोमध्ये, मार्ग, वजन किलोत, तापमान सेल्सिअसमध्ये किंवा पॅकेट सांगेल तसं. एका नोंदीत पौंड आणि दुसरीत किलो, असं होऊ देऊ नका.

तपासा: कुठलीही एक नोंद उघडा आणि क्रियापदं मोजा. त्यातली कामं खरोखर तुमच्या हातून झाली का? सहकाऱ्याने लावलेली ट्यूब तुमच्या लॉगमध्ये येता कामा नये. तुम्ही फक्त प्राणी धरला असेल तर ती केस सोडून द्या.

## 8. कौशल्यांची यादी

या टप्प्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. "येतं" म्हणजे मदतीशिवाय, सफाईने आणि अडचण आली तर ती ओळखून सांगता येतं, एवढा अर्थ धरा. न येणाऱ्या कौशल्यावर सही घेऊ नका. काही टक्के सोडायची मुभा बहुतेक यादीत असते. लॉगमध्ये जे कौशल्य दाखवलं आहे त्यावर यादीत सही असलीच पाहिजे, हे मात्र जुळवून पाहा.

## 9. केस रिपोर्ट

चार किंवा पाच रिपोर्ट मागतात. ते लॉगमधल्याच केसवर असावे लागतात. निवड करताना सर्वांत दुर्मीळ आजार शोधत बसू नका. जिथे तुमच्या निरीक्षणामुळे उपचाराची दिशा बदलली ती केस निवडा. साध्या मूत्रमार्ग तुंबलेल्या मांजराचा रिपोर्ट दुर्मीळ ट्यूमरच्या रिपोर्टपेक्षा सरस ठरू शकतो. रिपोर्टही एकमेकांपासून वेगळे हवेत: चारही रिपोर्ट जीडीव्हीचे नकोत.

वारंवार होणारी चूक ही की रिपोर्ट म्हणजे डॉक्टरांच्या रेकॉर्डचा सारांश होतो. इतिहास, तपासण्या, निदान, शस्त्रक्रिया, डिस्चार्ज, सगळं व्यवस्थित, आणि टेक्निशियन कुठेच नाही. उदाहरणार्थ:

"भुलीत रुग्णाचा रक्तदाब कमी झाला. फ्लुइड बोलस (थोड्या वेळात भराभर दिलेली मात्रा) दिला. रक्तदाब सुधारला."

कुणी पाहिलं? किती होता? मोजणी बरोबर होती का? कुणी ठरवलं? आता असं लिहा:

"इंडक्शननंतर (भूल चढवल्यावर) 20 मिनिटांनी मीन (सरासरी) रक्तदाब 74 वरून 54 वर आला. आर्टेरियल लाइन अजून लावायची होती, म्हणून आधी कफ (रक्तदाब मोजायचा पट्टा) तपासला: रुंदी पायाच्या घेराच्या सुमारे 40 टक्के, सरकलेला नाही. पुन्हा मोजून 53. मीन 60 च्या खाली राहिला तर मूत्रपिंड आणि मेंदूचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. नाडी हाताला क्षीण, पापणीची प्रतिक्रिया नाही, जबडा सैल, डोळा मध्यभागी. भूल गरजेपेक्षा खोल असल्याच्या खुणा. डॉक्टरांना आकड्यांसह सांगितलं. त्यांच्या आदेशाने आयसोफ्लुरेन (भुलीचा वायू) 2 टक्क्यांवरून 1.25 वर आणलं आणि 10 मिली/किलो क्रिस्टलॉइडचा (क्षारयुक्त फ्लुइडचा) बोलस सुरू केला. 34 किलोला 340 मिली, 15 मिनिटांत, म्हणजे तासाला 1,360 मिली. आमचा पंप 999 च्या वर जात नाही, म्हणून प्रेशर बॅग वापरली. दहा मिनिटांनी मीन 68."

कफ आधी तपासणं इथे सर्वांत महत्त्वाचं आहे. अरुंद कफ रक्तदाब खोटा जास्त दाखवतो, रुंद कफ खोटा कमी. आकडा पाहून थेट औषध मागणारी टेक्निशियन आणि आधी आकड्याची खात्री करणारी टेक्निशियन यांच्यातला फरक परीक्षकाला इथेच दिसतो. पंपाची मर्यादा आणि प्रेशर बॅग हा तपशीलही प्रत्यक्ष काम केलेल्या माणसालाच सुचतो.

लिहिताना मर्यादा पाळा. निदान करणं, रोगाचं भवितव्य सांगणं, औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया करणं ही कामं टेक्निशियनची नाहीत. "मी सेप्सिसचं निदान केलं" असं वाक्य एकटंच रिपोर्ट बुडवू शकतं. "ताप, जलद नाडी आणि विटकरी रंगाच्या हिरड्या पाहून सेप्सिसची शंका आली, डॉक्टरांच्या लक्षात आणून दिली" हे बरोबर.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. रिपोर्ट परीक्षकांकडे निनावी जातो, तेव्हा तुमचं, डॉक्टरांचं, दवाखान्याचं नाव मजकुरात, हेडरमध्ये किंवा फाइलच्या नावात राहू देऊ नका. एक्स-रेच्या कोपऱ्यात दवाखान्याचं नाव हमखास राहून जातं. असामान्य लॅब निकालाचा अर्थ सांगा, नुसता आकडा देऊ नका. सुधारता आलं असतं असं काही असेल तर तेही लिहा: त्या रात्री फेन्टानिल या वेदनाशामकाचा दर वाढवायला उशीर झाला, वेदनेचा स्कोअर दर दोन तासांनी घ्यायला हवा होता. असं लिहिल्याने अर्ज कमकुवत होत नाही. पुस्तकातली वाक्यं उचलू नका. चोरी सापडली तर अर्ज तर जातोच, पुढे अर्ज करण्यावरही गदा येऊ शकते.

मसुदा झाला की दोन जणांना द्या: एक त्या शाखेतला, आणि एक नसलेला. दुसऱ्याला कथा समजली नाही तर ती परीक्षकालाही तुटक वाटणार. इंग्रजी ही आपली दुसरी भाषा आहे म्हणून संकोच नको. साधी, लहान वाक्यं आणि अचूक आकडे असलेला रिपोर्ट सफाईदार पण पोकळ रिपोर्टपेक्षा नेहमी वर राहतो. भाषेचा हात फिरवून घ्यायचा असेल तर पॅकेटात त्याबद्दल काही बंधन आहे का, ते मात्र आधी पाहा.

## 10. अर्ज पाठवणं

अंतिम तारखेच्या तीन आठवडे आधी सगळं पूर्ण असं समजून चाला. मग हा क्रम:

1. पॅकेटातल्या खुणांच्या यादीसमोर एकेक कागद ठेवून टिक करा.
2. लॉगमधला प्रत्येक हिशेब कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा. शक्य असल्यास दुसऱ्या माणसाकडून.
3. लॉग, कौशल्य यादी आणि रिपोर्ट यांतल्या तारखा, वजनं, केस क्रमांक जुळवा. लॉगमध्ये 34 किलो आणि रिपोर्टमध्ये 43 किलो, अशी उलटापालट फार होते.
4. क्रेडेन्शियलची चालू प्रत जोडा. अर्जाच्या काळात मुदत संपत असेल तर आधीच नूतनीकरण करा.
5. पाठवलेल्या फाइली उघडून पाहा. पोचपावती जपून ठेवा.

अर्जाचं शुल्क आणि परीक्षेचं शुल्क बहुधा वेगळं असतं. दवाखाना देणार असेल तर त्यांच्या मंजुरीचा वेळ धरा.

## 11. परीक्षा

अर्ज मंजूर झाल्यावर पुस्तकांकडे वळा, त्यातही पॅकेटातल्या वाचनयादीकडे. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते, काही शाखांत चित्रं ओळखणं किंवा प्रात्यक्षिकही असतं. काही अकॅडम्या ती वार्षिक परिषदेच्या वेळी घेतात, काही संगणकावर देखरेखीखाली.

अभ्यासात लोक आपल्याला आवडतो तो भाग पुन्हा पुन्हा वाचतात. कुत्र्यामांजरांत दिवस काढणाऱ्यांनी घोडा, ससा, पक्षी यांचा भाग आधी संपवावा, जर तो तुमच्या शाखेच्या परीक्षेत येत असेल. सतत चालणाऱ्या ड्रिपचे हिशेब रोज दोन करा, कागदावर, एकके लिहून. मायक्रोग्रॅम-मिनिट यांचं मिलिग्रॅम-तास करताना 60 ने गुणायचं आणि 1,000 ने भागायचं, हे झोपेतही चुकता कामा नये. अभ्यासगट असेल तर प्रत्येकाने आठवड्याला एक विषय शिकवायचा. शिकवताना आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

सावधान: परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं अकॅडमीने कळवेपर्यंत नावापुढे व्हीटीएस लावू नका. "व्हीटीएस उमेदवार" असंही सहीत लिहू नका. नंतरही क्रम असा: नाव, राज्याचं क्रेडेन्शियल, मग व्हीटीएस आणि कंसात शाखेची अक्षरं.

## 12. नकार आला, किंवा पदनाम मिळालं

अर्ज नाकारला तर पत्रात सहसा कारणांचा उल्लेख असतो. ते पत्र आठवडाभराने पुन्हा वाचा, आणि मग ठरवा. अपील करायचं तर मुदत लहान असते, आणि ते प्रक्रियेतल्या चुकीवर चालतं, "माझ्या केस चांगल्या होत्या" यावर नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा तर लॉग सहसा नव्या कालावधीचा लागतो, म्हणून पत्राची वाट पाहत असतानाच नव्या वर्षाच्या केस नोंदवत राहा. अर्ज मंजूर होऊन परीक्षेत अपयश आलं तर बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीत पुन्हा बसता येतं, लॉग पुन्हा करावा लागत नाही.

पदनाम मिळालं की त्याच दिवशी नवी फाइल उघडा. बहुतेक अकॅडम्या दर पाच वर्षांनी पुनर्प्रमाणन मागतात: सीई, व्याख्यानं देणं, लेख, परीक्षेसाठी प्रश्न तयार करणं, नव्या अर्जदारांना मार्गदर्शन, अशा कामांचे गुण जमवायचे, नाहीतर पुन्हा परीक्षा द्यायची. राज्याचं क्रेडेन्शियल बंद पडलं तर व्हीटीएसही धोक्यात येतं, म्हणून त्याची नूतनीकरणाची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोनदा टाका, तीन महिने आधी आणि एक महिना आधी.